आकाशातला दिवाणखाना आणि दोन इंचांची गादी

ज्या गावच्या विद्यार्थ्यांची निम्मी उमेद फाट्यावर बसची वाट पाहण्यात खर्ची पडते, त्या गावातल्या कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कोट्यधीशांच्या खाजगी जेट विमानांची तुलना कशाला, असा प्रश्न हे पान उघडताच अनेकांच्या मनात येईल. कोणी 'घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा' ही म्हणही ऐकवील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिले उत्तर असे की, ही विमाने आता आपल्यापासून वाटतात तितकी दूर राहिलेली नाहीत. नागपूरच्या मिहान प्रकल्पात फ्रान्सच्या दसॉल्ट कंपनीने रिलायन्सच्या भागीदारीत काढलेल्या कारखान्याची पायाभरणी २७ ऑक्टोबर २०१७ रोजी झाली. फाल्कन २००० या विमानाच्या पुढच्या भागाची जुळणी तेथे काही वर्षांपासून होत आहे. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान-प्रदर्शनात या दोन्ही कंपन्यांनी जाहीर केले की, संपूर्ण फाल्कन २००० विमानच यापुढे नागपुरात तयार होईल आणि तेथे बनलेले पहिले विमान २०२८ पर्यंत आकाशात झेपावेल. फ्रान्सच्या भूमीबाहेर अख्खे फाल्कन विमान तयार होण्याची ही पहिलीच वेळ ठरेल. ज्या नागपूरला आपण संत्री, अधिवेशन आणि विद्यापीठ या तीन गोष्टींनी ओळखत आलो, तेथे जगातल्या धनिकांचे वाहन बनणार आहे. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव असा जातो. उद्या आपल्या घरातला एखादा भाऊ त्या विमानाला रिबिटा ठोकीत असेल. मग ते विमान कसे आहे, इतरांच्या तुलनेत कोठे बसते, हे जाणून घेण्यात वावगे काय?

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. विमानाच्या पंखाचे गणित विज्ञान शाखेने सोडवावे. परंतु माणसाला किती आराम मिळावा आणि तो कोणाला मिळावा, हा प्रश्न कला शाखेचाच आहे. तो अर्थशास्त्राचा आहे, समाजशास्त्राचा आहे, आणि थोडासा नीतिशास्त्राचाही आहे. या विमानांची तुलना करीत गेले की शेवटी आपण नेमके त्याच प्रश्नाच्या दारात येऊन उभे राहतो.

प्रथम स्पर्धकांची ओळख करून घेऊ. मोठ्या आकाराच्या व्यावसायिक जेट विमानांच्या या बाजारात प्रामुख्याने तीन घराणी आहेत. अमेरिकेची गल्फस्ट्रीम, कॅनडाची बॉम्बार्डियर आणि फ्रान्सची दसॉल्ट. गल्फस्ट्रीमचे जी-६५० हे विमान २०१२ साली सेवेत आले आणि त्याने जवळजवळ एक तप या क्षेत्रावर राज्य केले. त्याचा वारस जी-७०० याला २०२४ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला. बॉम्बार्डियरचे ग्लोबल ७५०० हे २०१८ च्या अखेरीस सेवेत दाखल झाले. दसॉल्टची फाल्कन ८-एक्स आणि फाल्कन ६-एक्स ही दोन मोठी विमाने अनुक्रमे २०१६ आणि २०२३ सालची. आणि त्याहूनही विशाल अशा फाल्कन १०-एक्सची घोषणा या कंपनीने २०२१ मध्ये केली. नागपूरचे फाल्कन २००० हे या सर्वांचे धाकटे भावंड. त्याचे पहिले उड्डाण १९९३ चे, आणि त्यानंतर त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या.

आता कामगिरीकडे वळू. विमानाची कामगिरी म्हटली की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे वेग येतो, आणि येथेच पहिला आश्चर्याचा धक्का बसतो. ही सर्व विमाने लांबच्या प्रवासात ध्वनीच्या वेगाच्या ०.८० ते ०.८५ पट, म्हणजे त्या उंचीवर ताशी सुमारे ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात. आणि एअर इंडियाचे बोइंग ७८७ हे प्रवासी विमान? तेही जवळजवळ त्याच वेगाने जाते! शेकडो कोटी रुपये मोजून खाजगी विमान घेणारा धनिक आणि त्याच रात्री मागच्या वर्गाच्या तिकिटावर आखाती देशात किंवा लंडनला निघालेला एखादा कामगार, हे दोघे आकाशात एकाच गतीने सरकत असतात. ध्वनीची भिंत गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही.

ती भिंत ओलांडण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९७६ मध्ये प्रवाशांना घेऊन उडू लागलेले काँकॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाई आणि लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांच्या आसपास पोहोचवी. पण इंधनाची भूक राक्षसी, आवाज छाती दडपणारा, आणि खिडक्या मात्र तळहाताएवढ्या. २००३ मध्ये ते कायमचे जमिनीवर उतरले. त्यानंतर विमान बांधणाऱ्यांनी जणू मनाशी ठरवून टाकले, की वेगाच्या शर्यतीत आता फार काही मिळवण्यासारखे नाही.

थोडी घाई करायची म्हटली तरी तिची किंमत पाहा. जी-७०० हे विमान ०.८५ च्या गतीने न थांबता सुमारे १४,३५० किलोमीटर जाऊ शकते. तेच ०.९० च्या गतीने हाकले, तर पल्ला जवळपास दोन हजार किलोमीटरने घटतो. नागपूर ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात येते. सावकाश गेलात तर एका दमात पोहोचाल. घाई केलीत तर वाटेत कोठे तरी इंधनासाठी उतरावे लागेल, आणि वाचवलेला पाऊण तास त्या उतरण्या-चढण्यात व्याजासह परत जाईल. सडकेच्या कडेला 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी आपण वाचतो. ती आकाशातही लावायला हरकत नाही.

वेग सारखाच असल्याने खरी चुरस पल्ल्याची आहे. ग्लोबल ७५०० चा पल्ला सुमारे १४,२६० किलोमीटर, म्हणजे जी-७०० च्या अगदी खांद्याला खांदा. फाल्कन ८-एक्सचा सुमारे ११,९५०, ६-एक्सचा १०,२०० च्या आसपास, आणि आपल्या नागपूरच्या फाल्कन २००० चा, त्याच्या सध्याच्या सुधारित रूपात, सुमारे ७,४००. केवळ या रांगेकडे पाहिले तर फाल्कन शेवटच्या बाकावर बसलेले दिसते. नागपूर ते पॅरिस हे अंतर सुमारे ७,३०० किलोमीटर असल्याने आपल्या जन्मगावाहून निघून आपल्या आजोळी ते कागदावर जेमतेम पोहोचते. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाताना समोरून वारा असतो, तेव्हा वाटेत एक मुक्काम करणेच शहाणपणाचे.

परंतु परीक्षेतील एका विषयाच्या गुणांवरून विद्यार्थी जोखू नये, तसेच हेही. पल्ल्याखेरीज आणखी एक कसोटी असते : विमान किती लांबीच्या धावपट्टीवरून उडू शकते? पूर्ण भाराने ग्लोबल ७५०० ला उडण्यासाठी सुमारे १,७५० मीटर धावपट्टी लागते, तर फाल्कन २००० चे सुमारे १,४२५ मीटरमध्ये भागते. हा फरक न्यूयॉर्कमध्ये बसून कळणार नाही. तो कळायला विदर्भात यावे लागते. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, त्या धावपट्टीची लांबी १,८५० मीटर आहे. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी तर त्याहूनही आखूड. ती वाढवावी ही मागणी आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत.

शिवाय कंपन्यांच्या माहितीपत्रकातील हे आकडे समुद्रसपाटीवरचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. हवा तापली की विरळ होते; विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाचाही दम कमी पडतो. मग तेच विमान उडायला अधिक लांब धावावे लागते, नाही तर इंधन आणि माणसे कमी करावी लागतात. म्हणजे जगाचा पल्ला गाठणारे महाकाय विमान वैशाखात बेलोऱ्याहून पूर्ण भाराने उडणे कठीण, आणि धाकट्या फाल्कनला मात्र तेथे बराच वाव. माझ्या मते कामगिरीची तुलना करताना 'कोठे?' हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. दिल्ली-मुंबईच्या मोजपट्टीने वऱ्हाड मोजण्याची खोड विमानांच्या बाबतीत तरी आपण सोडावी.

आता अंतर्भागाकडे, म्हणजे ज्याला मी आकाशातला दिवाणखाना म्हणतो त्याकडे येऊ. कंपन्यांची सारी कल्पकता आज येथे पणाला लागली आहे. जी-७०० ची प्रवासी-खोली सामानाची जागा सोडून सुमारे १७ मीटर लांब, २.४९ मीटर रुंद आणि १.९१ मीटर उंच आहे. ग्लोबल ७५०० ची लांबी साडेसोळा मीटर, रुंदी २.४४ आणि उंची १.८८. फाल्कन ६-एक्स लांबीला कमी; पण रुंदीला २.५८ आणि उंचीला १.९८ मीटर. म्हणजे सहा फुटी माणूसही तेथे मान ताठ ठेवून फिरू शकतो. १०-एक्सचा आराखडा तर २.७७ मीटर रुंदीचा आणि २.०३ मीटर उंचीचा आहे. नागपूरच्या फाल्कन २००० ची रुंदी २.३४, उंची १.८८ आणि लांबी सुमारे ८ मीटर; तेवढ्यात आठ-दहा माणसे.

या आकड्यांकडे मी जरा वेळ टक लावून पाहत राहिलो, आणि एक गंमत ध्यानात आली. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या बसची बाहेरून रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असू शकते. म्हणजे कुबेराच्या विमानाची रुंदी आणि आपण ज्या बसने कॉलेजला येतो तिची रुंदी यांत वीतभराचाही फरक नाही! फरक आहे तो माणसांच्या संख्येत. बसमध्ये चाळीस-पंचेचाळीस जण बसतात, आणि सकाळच्या फेरीत उभे राहणारे वेगळे; बसहून लांब असलेल्या त्या दिवाणखान्यात जास्तीत जास्त एकोणीस, आणि बहुतेक वेळा चार-सहाच. धनिक जी वस्तू विकत घेतो ती जागा नव्हे, तर इतरांची अनुपस्थिती होय. अर्थशास्त्राच्या वर्गात आपण व्हेब्लेनचा 'प्रदर्शनीय उपभोगा'चा सिद्धांत वाचतो. १८९९ सालच्या त्या ग्रंथातले विवेचन तपासून पाहायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

पण सगळाच आराम केवळ दिखाऊ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. या विमानांतली एक सोय मला खरोखर मोलाची वाटते, आणि ती डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे हवा. ४१,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतो. तेथे माणूस उघड्यावर काही क्षणांतच शुद्ध हरपेल. म्हणून आत हवा दाबून भरतात. परंतु जमिनीइतका दाब ठेवला तर विमानाचे शरीर प्रत्येक उड्डाणात फुग्यासारखे ताणले जाऊन धातू थकतो. ते टाळायला शरीर जाड करावे तर वजन वाढते. म्हणून तडजोड करतात आणि प्रवाशांना एखाद्या डोंगरावर बसवल्याइतक्या विरळ हवेत ठेवतात. हा डोंगर जास्तीत जास्त ८,००० फुटांचा असावा असा प्रवासी विमानांचा दंडक आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळजवळ आठशे मीटर उंच! लांबच्या विमानप्रवासानंतर डोके जड होते, अंग आंबते, त्याचे एक कारण हेच.

आता या डोंगरांची तुलना करा. जी-७०० मध्ये बाहेर ४१,००० फूट असताना आतला डोंगर फक्त २,८४० फुटांचा, म्हणजे सुमारे ८६५ मीटरचा असतो. आपले चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. म्हणजे सातासमुद्रांवरून उडणारा तो प्रवासी चिखलदऱ्याच्याही खाली, गाविलगडच्या अर्ध्या चढावर बसल्यासारखा श्वास घेत असतो! ग्लोबल ७५०० मध्ये हाच आकडा २,९०० फूट, आणि फाल्कन ६-एक्समध्ये ३,९०० फूट, म्हणजे चिखलदऱ्याच्या किंचित वर. फुफ्फुसांची काळजी हा निकष लावला तर पहिला क्रमांक गल्फस्ट्रीमला आणि त्याच्या पाठोपाठ बॉम्बार्डियरला दिला पाहिजे. डोके न आपटता उभे राहणे आणि खांदे मोकळे ठेवून बसणे हा निकष लावला, तर मान फाल्कन ६-एक्सचा. धक्के न बसता जाणे हा लावला, तर ग्लोबल ७५०० च्या लवचिक पंखांची ख्याती आहे. आणि विमानाचे नियंत्रण पूर्णपणे संगणकी संकेतांनी करण्याची पद्धत व्यावसायिक जेटमध्ये प्रथम फाल्कन ७-एक्सने २००७ साली आणली, हे श्रेयही विसरता येणार नाही. थोडक्यात, दूर जायचे तर गल्फस्ट्रीम किंवा ग्लोबल, ऐसपैस बसायचे तर मोठे फाल्कन, आणि आखूड धावपट्टीच्या गावी उतरायचे तर आपले नागपूरचे धाकटे फाल्कन, असा माझा कौल आहे.

येथे फाल्कनच्या जन्मकाळची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९६३ साली पॅन अमेरिकन कंपनी एक चांगले व्यावसायिक जेट शोधत होती. फ्रान्समध्ये जाऊन या घराण्याचे पहिले विमान ज्याने पसंत केले, तो गृहस्थ होता चार्ल्स लिंडबर्ग. हाच लिंडबर्ग १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकटा, न थांबता, साडेतेहतीस तास उडाला होता. वजन वाचावे म्हणून त्याच्या विमानात साधी वेताची खुर्ची बसवलेली होती. वेताच्या खुर्चीवर बसून महासागर ओलांडणाऱ्या माणसानेच पुढे दिवाणखान्याची निवड करावी, यात मला विसंगती दिसत नाही. हाल ज्याने सोसले त्यालाच आरामाची खरी पारख असते.

आणि आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. आराम ही चैन आहे, आणि चैनीचा विचार गरिबांनी करू नये, हा समज आपल्या हाडीमासी खिळला आहे. बसमध्ये गुडघे पुढच्या बाकाला घासत असले तरी 'तासाभराचाच तर प्रवास आहे' असे आपण म्हणतो. पण ज्या फुफ्फुसांसाठी तो चिखलदरा रचला जातो, तीच फुफ्फुसे आपल्याही छातीत आहेत. पाठीचा कणा मालकाचा आणि मजुराचा सारखाच असतो. श्रीमंतांच्या विमानांवर रागावून काय साधणार? त्यापेक्षा त्यांच्या कारखान्यांतून सिद्ध झालेली मोजपट्टी उचलावी आणि ती आपल्या वाहनाला लावावी, हे अधिक फलदायी.

राग येण्याजोगे तेथे काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१९ ते २०२३ या काळातील खाजगी विमानांच्या उड्डाणांचा एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की, जवळपास निम्मी उड्डाणे ५०० किलोमीटरपेक्षाही कमी अंतराची होती. महासागर ओलांडू शकणारी वाहने बाजारहाटाला जावे तशी हाकली जातात! २०२३ या एकाच वर्षी अशा विमानांनी निदान १ कोटी ५६ लाख टन कर्बवायू हवेत सोडला. पाऊस महिनाभर दडी मारतो तेव्हा आपल्याकडचे सोयाबीन होरपळते. ते धूर सोडणारे वरच्या वर निघून जातात, आणि हवामानाचा हिशेब खाली कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर मांडला जातो. या विमानांच्या इंधनावर आणि आखूड उड्डाणांवर भरभक्कम कर असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि कर लावणे हे सरकारचे काम झाले. आरामाची मागणी करणे हे आपले काम आहे.

आराम वरून खाली झिरपतो, याला पुरावे आहेत. बोइंग ७८७ हे विमान २०११ साली सेवेत आले. त्याचे शरीर धातूऐवजी बव्हंशी कार्बनच्या धाग्यांचे असल्याने आतला डोंगर ८,००० वरून ६,००० फुटांवर आणता आला. आज मागच्या वर्गात बसणाऱ्या कामगारालाही ती हवा मिळते. पण हे झिरपणे आपोआप होत नाही. कोणी तरी ते वरून खाली ओढावे लागते.

ते कसे ओढतात, हे दाखवणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातलाच होता. गांधीजींनी १९१७ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातील प्रवाशांच्या हालांवर लिहिले. स्वतः त्या वर्गाने हिंडून ते हाल पाहिले. स्वातंत्र्यानंतर १९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नाव गेले. नाव गेले, पण लाकडी फळ्या राहिल्या! तिसऱ्याचा दुसरा झालेला प्रवासी रात्रभर त्याच फळीवर कूस बदलत राहिला. मग १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे हे प्राध्यापक, राजापूरचे खासदार. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसवण्याची योजना आणली. वरच्या वर्गाची गादी त्यांनी काढून घेतली नाही; खालच्या वर्गाला गादी दिली. माझ्या लेखी भारतीय प्रवासाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सुधारणा आहे. एका प्राध्यापकाने मंत्री होताच देशाच्या पाठीचा विचार केला, ही गोष्ट प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी, दोघांनीही, विसरू नये अशी आहे. त्या दोन इंचांवर किती मजूर, किती बाळंतिणी, किती परीक्षार्थी निवांत झोपले असतील, याची मोजदाद कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

रस्त्यावरही असे प्रयत्न झाले आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांवरून नाव घेतलेली 'एशियाड' गाडी आली, आणि निमआराम हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. 'निमआराम' या शब्दात आपल्या समाजाचा सारा संकोच सामावला आहे, असे मला नेहमी वाटते. पूर्ण आराम मागायची आपल्याला लाज वाटते. अर्धा मिळाला तरी आपण धन्य!

आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलींचाच विचार करा. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या आणि आतल्या खेड्यांतून त्या येतात. पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, धाकट्या भावंडांचे आवरणे, आणि मग बस किंवा कोंबून भरलेली जीप. पहिल्या तासाला त्या वर्गात बसतात तेव्हा अर्धा दिवस संपल्याइतक्या थकलेल्या असतात. आपण म्हणतो, मुलींचे लक्ष नसते. आपण म्हणतो, बारावीनंतर मुली गळतात. गळण्याची कारणे अनेक आहेत, परंतु त्यांतले एक कारण या रस्त्यावर आहे. ज्या प्रवासात अंग चोरून उभे राहावे लागते, तो प्रवास रोज दोनदा, तीन वर्षे करायला लावणे ही एक प्रवेशपरीक्षाच आहे, आणि ती फक्त मुलींना द्यावी लागते. आई-बाप 'पुरे झाले आता शिक्षण' म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे विद्यापीठ नसते, ती जीप असते.

म्हणून माझी सूचना अशी की, विमानाच्या माहितीपत्रकात असतात तसे आकडे आपण आपल्या बसविषयी मागावेत. पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे? नऊवारी नेसलेल्या आजीचा पाय तेथे पोहोचतो का? दोन बाकांमध्ये किती सेंटिमीटर अंतर आहे? खिडकी पावसात बंद होते का आणि उन्हात उघडते का? इंजिनाचा आवाज दिवसभर चालकाच्या कानावर किती आदळतो? थांब्यावर सावली आहे का, आणि मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? वेग कोणी विचारू नये. वेगाने काय होते ते आपण वर पाहिलेच. यांतला एकही प्रश्न खर्चिक नाही. बहुतेकांना दोन इंचांच्या गादीइतकाच पैसा लागेल. लागते ती मोजण्याची सवय आणि मागण्याचे धैर्य.

हे काम आपल्याच विद्यार्थ्यांना करता येईल. समाजशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी दरवर्षी तेच ते विषय घेण्याऐवजी, एका गटाने महिनाभर फूटपट्टी आणि वही घेऊन आपल्या मार्गावरच्या गाड्यांचे मोजमाप करावे. कोणाची नालस्ती करण्यासाठी नव्हे, तर नोंद ठेवण्यासाठी. ती नोंद अशाच एखाद्या अंकात छापावी आणि तिची एक प्रत आगारात, एक जिल्हा परिषदेत द्यावी. मागणी आकड्यांत मांडली की तिला 'बघू' एवढेच उत्तर देणे अवघड जाते.

नागपूरचा कारखाना उभा राहावा, त्यात आपल्या जिल्ह्यातली मुले कारागीर म्हणून, अभियंते म्हणून जावीत, ही इच्छा आहेच. ज्या हातांना माणसाच्या कानाला त्रास होऊ नये म्हणून विमानाच्या भिंतीत किती थर घालावेत हे समजले, ते हात पुढे बसची भिंतही चांगली बांधतील, अशी आशा करायला जागा आहे. २०२८ साली तेथून पहिले फाल्कन उडेल तेव्हा त्याची छायाचित्रे सगळीकडे छापून येतील, आणि त्यांखाली पल्ला, उंची, रुंदी असे आकडेही असतील. ते आपण कौतुकाने वाचू. त्या दिवसापर्यंत आपल्यापैकी कोणी तरी कॉलेजला येणाऱ्या बसच्या पहिल्या पायरीची उंची मोजून ठेवलेली असावी.